चामड्याचं जॅकेट: घड्या मोडायच्या कशा, आकार आणायचा कसा

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय.

आजचा विषय आहे चामड्याचं जॅकेट. काही जणी हसल्या असतील. म्हणतील, "आमच्या घरात कुठलं आलंय बाई चामड्याचं जॅकेट?" पण जरा आठवून बघा. मुंबईला कामाला असलेल्या दिरानं धारावीतून घेतलेलं, फौजेतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांचं, मोटारसायकलवर फिरणाऱ्या भाच्याचं. कुणाच्या तरी पेटीत, गोधड्यांच्या खाली, एखादं निघतंच. आणि ज्या गटांनी शिलाईचं किंवा इस्त्रीचं दुकान टाकलंय, त्यांच्याकडे ते कधी ना कधी येणारच. आमच्याकडेही आलं. पहिल्यांदा आलं तेव्हा आम्ही त्याची वाट लावली. ती चूक आधी सांगते, मग पुढचं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातल्या चौघी एस.टी. स्टँडजवळ शिलाई आणि इस्त्रीचं दुकान चालवतात. दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती. संध्याकाळी एक मुलगा जॅकेट घेऊन आला. मोठ्या भावाचं होतं. भावानं पहिल्या पगारातून घेतलेलं. पावसाळाभर पेटीत घडी घालून ठेवलं होतं, त्यामुळे छातीवर आडव्या घड्या पडलेल्या, बाह्या चेंबलेल्या. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरीच्या मुलाखतीला घालून जायचं होतं. दुकानात तेव्हा मीही होते. जॅकेट मीच हातात घेतलं आणि आमच्या वहिनींना म्हणाले, "करा पटकन, सकाळी हवंय त्याला."

वहिनींनी सुती शर्टाला करतात तसंच केलं. पाणी शिंपडलं आणि गरम इस्त्री ठेवली. दोन-तीन सेकंद झाले असतील. इस्त्री उचलली तर खाली तळहाताएवढा भाग आकसून कडक झालेला, पापडासारखा. वरचा रंगही चकचकीत आणि वेगळाच दिसायला लागला. तेल लावलं, ओला कपडा फिरवला, काही उपयोग झाला नाही.

तीन हजार रुपये भरून द्यावे लागले. एका कपड्याच्या इस्त्रीचे आम्ही दहा रुपये घेतो. म्हणजे तीनशे कपड्यांची इस्त्री त्या दोन-तीन सेकंदांत गेली. गटाच्या बैठकीत कुणी म्हणालं, जिच्या हातून झालं तिनं भरावेत. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत. मग मला बोलावं लागलं. काम मी घेतलं होतं, घाई मी केली होती. मी बी.ए. झालेय, पण चामडं म्हणजे काय हे मला तरी कुठं माहीत होतं? शेवटी दुकानाच्या नफ्यातून तीन हप्त्यांत पैसे द्यायचे असं ठरलं. आणि मी ठरवलं की हे काम नीट शिकून घ्यायचं. तालुक्याच्या गावी चामड्याच्या बॅगा दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे चार-पाच वेळा जाऊन बसले. तिथं शिकले ते आणि नंतर दुकानात करून पाहिलं ते, आज तुम्हाला सांगते.

चामडं आकसतं का?

आधी हे समजून घेऊ, कारण कारण कळलं की हात आपोआप जपून चालतो. सुती कापड झाडापासून येतं. चामडं म्हणजे जनावराची कातडी. ती प्रथिनाच्या बारीक तंतूंची विणलेली असते. कमावलं की ती कुजत नाही, पण तंतू तेच राहतात. मटणाचा तुकडा पातेल्यात टाकला की आकसतो ना? तसंच चामड्याचं होतं. जास्त उष्णता लागली की तंतू आकसतात, आणि एकदा आकसले की पूर्ववत होत नाहीत. चामडं ओलं असेल तर आणखी कमी उष्णतेलाच आकसतं. आम्ही पाणीही शिंपडलं आणि इस्त्रीही गरम ठेवली, म्हणजे दोन्ही चुका एकदम केल्या.

सुती कपड्यांसाठी लावलेली इस्त्री साधारण 200 अंशांपर्यंत तापते. विजेच्या इस्त्रीवर एक, दोन, तीन असे ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे सगळ्यात कमी, साधारण 110 अंश. चामड्याला हातच लावायचा झाला तर त्या एका ठिपक्यापर्यंतच, त्याच्या वर नाही.

आपल्याला कोल्हापुरी चप्पल माहीत असते. तिचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, म्हणून ते जाड आणि ताठ असतं. जॅकेटचं चामडं बहुतेक वेळा मेंढीचं किंवा बकरीचं, पातळ आणि मऊ असतं आणि बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. म्हणून चपलेला चालतं ते जॅकेटला चालेल असं धरून चालू नका.

आधी ओळखा, मग हात लावा

जॅकेट हातात आलं की पहिल्यांदा ते कशाचं आहे ते बघा. बाजारात चामड्यासारखं दिसणारं रेक्झिन खूप मिळतं. खिशाच्या आत, शिवणीच्या कडेला किंवा अस्तर उसवलं असेल तिथं कापलेली कड शोधा. खऱ्या चामड्याच्या मागच्या बाजूला बारीक रेषा-रेषा, लवेसारखा भाग दिसतो. रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. रेक्झिन इस्त्रीला चिकटतं आणि वितळतं. जुनं रेक्झिन टवके निघून सोलायला लागलं की त्यावर काही इलाज नाही. ते गिऱ्हाइकाला सरळ सांगा आणि काम घेऊ नका.

तिसरा प्रकार मखमलीसारखा, हात फिरवला की रंग फिकट-गडद होणारा. त्याला स्वेड म्हणतात. त्याला पाणी, वाफ, क्रीम यातलं काहीच लावायचं नाही. मऊ ब्रश एकाच दिशेनं हलक्या हातानं फिरवायचा, बस.

खरं, गुळगुळीत चामडं असेल तर पुढचं ऐका.

पहिला उपाय: टांगून ठेवणं

सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात कमी धोक्याचा उपाय हाच आहे. जॅकेट रुंद हँगरला टांगा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. स्वतःच्या वजनानं बऱ्याच घड्या सुटतात.

तारेचा बारीक हँगर मात्र नको. खिळ्याला किंवा खुंटीला कॉलर अडकवणंही नको. त्यानं खांद्यावर आणि मानेशी उंचवटे येतात. लाकडी हँगर घ्या, त्याच्या दोन्ही टोकांना जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळून मुठीएवढी गोलाई करा आणि वर दोरा बांधा. हँगरचं टोक बाहीच्या शिवणीच्या जरा अलीकडे संपलं पाहिजे. टांगण्याआधी खिसे रिकामे करा. किल्ल्या आणि मोबाइल खिशात ठेवून टांगलं तर खिसे लोंबतात. चेन लावा, म्हणजे पुढचा भाग सरळ राहतो.

दुसरा उपाय: न्हाणीघरातली वाफ

टांगूनही घड्या राहिल्या तर वाफ घ्या. थेट नळीची वाफ नाही, खोलीतली वाफ. न्हाणीघरात बंबातलं कडकडीत पाणी दोन बादल्या भरून ठेवा आणि दार लावून घ्या. जॅकेट हँगरला लावून बादलीपासून लांब, उंचावर टांगा. त्यावर पाण्याचा थेंब उडता कामा नये. दहा-पंधरा मिनिटं पुरे. चामडं कोमट आणि मऊ लागलं पाहिजे, ओलं नाही.

बाहेर काढल्यावर जॅकेट टेबलावर किंवा स्वच्छ चादरीवर पसरा आणि तळहातानं घडीच्या मधून बाहेरच्या दिशेला हळूहळू सारखं करा. पोळी लाटताना कडेला जसा हलका हात ठेवतो, तसा. ओढायचं नाही. ओढलं की चामडं ताणतं आणि ताणलेलं सगळं परत येत नाही. मग पुन्हा रुंद हँगरला लावून सावलीत, हवेशीर जागी एक दिवस ठेवा. घडी फार जुनी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा वाफ द्या. एकाच दिवशी तीन-चार वेळा वाफ देऊन घाई करू नका.

तिसरा उपाय: इस्त्री, आणि तीही जपून

खरं सांगायचं तर दहातल्या बहुतेक वेळा इस्त्रीची गरजच पडत नाही. पडलीच तर पाच गोष्टी लक्षात ठेवा. वहीत लिहून घ्या.

एक, कोळशाची इस्त्री अजिबात नको. तिची उष्णता आपल्या हातात नसते.

दोन, विजेची इस्त्री सगळ्यात कमी उष्णतेवर आणि वाफ बंद.

तीन, चामडं पूर्ण कोरडं हवं. पाणी शिंपडायचं नाही.

चार, मध्ये कोरडं, जाड, पांढरं सुती कापड ठेवायचंच. रंगीत नको, रंग उतरतो. छापील वर्तमानपत्रही नको, शाई लागते.

पाच, आधी आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर करून बघा. मग इस्त्री सरकती ठेवा, एका जागी थांबवू नका. दर चार-पाच सेकंदांनी उचला, कापड बाजूला करून हात लावून बघा. चामडं हाताला चटका देत असेल तर थांबा.

इस्त्री झाली की लगेच टांगा. गरम असताना घडी घातली तर तीच घडी पक्की बसते.

आकार गेला असेल तर

घड्या वेगळ्या आणि आकार वेगळा. बाह्या चपट्या झाल्या असतील तर वाफ दिल्यानंतर त्यात जुन्या टॉवेलची किंवा सुती साडीची सैल गुंडाळी भरा. दंड जसा गोल असतो तेवढीच भरा, ठासून नको. अंगातही एक टॉवेल भरून छातीला गोलाई द्या. कॉलर हातानं उभी करून हवी तशी वळवा. हे सगळं तसंच ठेवून एक-दोन दिवस सावलीत राहू द्या. चामडं मऊ असताना ज्या आकारात असतं, तोच आकार ते सुकताना धरतं. आकार आणण्याचं सगळं गुपित एवढंच आहे.

खांद्यावर खिळ्याचा उंचवटा आला असेल तर वाफ दिल्यावर आतून टॉवेलची गुंडाळी धरा, वरून तळहातानं दाबून गोलसर करा आणि जाड हँगरवर सुकू द्या.

कमरेचा घेर ताणून सैल झाला असेल तर तो थोडाच परत येतो. वाफ देऊन सपाट पसरा, कडा हातानं जवळ सारा आणि तसंच सुकवा. त्यानंतरही सैल राहिला तर शिवणीतूनच कमी करावा लागतो. शिलाई करणाऱ्या मैत्रिणींनी इथं नीट ऐका: चामड्याला टाचणी टोचायची नाही. कापडाचं भोक धुतल्यावर बुजतं, चामड्याचं कायम राहतं. टाचणीऐवजी कपड्यांचे चिमटे लावा, आणि उसवण्याआधी दोनदा माप घ्या.

कोपरावरच्या, काखेजवळच्या बारीक सुरकुत्या मात्र जाणार नाहीत. त्या माणसाच्या हाताच्या वळणानं पडलेल्या असतात. त्या घालवायच्या मागे लागू नका. गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

बुरशी, तेल आणि ऊन

पेटीतून निघालेल्या जॅकेटवर पांढरी बुरशी असते. ती घरात झटकू नका. अंगणात न्या, नाकाला पदर बांधा आणि कोरड्या मऊ कपड्यानं पुसा. मग दुसरा कपडा ओला करून घट्ट पिळा आणि हलकेच फिरवा. सावलीत वाऱ्यावर सुकवा. बुरशी पूर्ण गेल्याशिवाय वाफ द्यायची नाही, ओलीनं ती आणखी वाढते.

खोबरेल, शेंगदाण्याचं तेल किंवा तूप लावू नका. लावल्यावर चमक येते, पण तेल आत मुरून डाग पडतात, वास येतो आणि धूळ चिकटते. बुटाचं पॉलिशही नको, त्याचा रंग आतल्या शर्टाला लागतो. चामडं कोरडं पडलं असेल तर चपला-बुटांच्या दुकानात बिनरंगाचं लेदर क्रीम मिळतं. ते मऊ कपड्यावर थोडंसं घेऊन, आधी आतल्या कडेवर लावून बघा. एक दिवसानं डाग दिसला नाही तर सगळीकडे पातळ हात द्या आणि जास्तीचं पुसून घ्या.

पावसात भिजलेलं जॅकेट कोरड्या टॉवेलनं टिपा आणि टांगा. उन्हात नको, चुलीजवळ नको. लवकर सुकवलं की ते कडक होतं आणि त्याला भेगा पडतात.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. जुन्या सुती साडीची खोळ शिवा आणि टांगून ठेवा. टांगायला जागाच नसेल तर पेटीत सगळ्यात वर, आत टॉवेल भरून, सैल दुमडून ठेवा. पावसाळ्यात उघडीप मिळाली की महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्या.

पुन्हा आलेलं जॅकेट

आता शेवटची गोष्ट. गेल्या हिवाळ्यात एक काकू दुकानात आल्या. त्यांचे मालक फौजेत होते, ते जाऊन तीन वर्षं झालेली. त्यांचं तपकिरी जॅकेट काकूंनी तेव्हापासून खुंटीला लावून ठेवलं होतं. मुलीला पुण्याला नोकरी लागली होती, ती सकाळी लवकर स्कूटीवरून जाते. म्हणाली, "आई, नवीन नको, बाबांचंच दे." खांद्यावर खुंटीचा उंचवटा, बाह्या चपट्या, पाठीवर बुरशी.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी जॅकेट हातात घेतलं, आतली कड उलटून बघितली आणि काकूंना म्हणाल्या, "चामडंच आहे. पाच दिवस लागतील. कोपराच्या सुरकुत्या जाणार नाहीत, बाकी बघते." काकू म्हणाल्या, "कोपराचं राहू दे. ते त्यांचंच आहे."

पहिल्या दिवशी बुरशी काढली. दुसरा दिवस नुसतं टांगलं. तिसऱ्या दिवशी वाफ, टॉवेल भरून ठेवलं. चौथ्या दिवशी खांद्याला पुन्हा वाफ. पाचव्या दिवशी पातळ क्रीम, आणि डाग पडत नाही ना हे बघायला आणखी एक दिवस. म्हणजे सहा दिवस लागले. इस्त्री लावलीच नाही. दीडशे रुपये घेतले. मुलगी ते घालून आरशासमोर उभी राहिली तेव्हा खांदे तिला जरा मोठेच होत होते. आम्ही विचारलं, कमी करू का? ती नको म्हणाली.

आता आमच्या दुकानात एक नियम आहे, तुमच्या गटानंही करावा. चामड्याचं काम घेताना वहीत तीन ओळी लिहायच्या: आलं तेव्हा काय काय खराब होतं, काय होईल आणि काय होणार नाही, आणि कधी मिळेल. शेजारी गिऱ्हाइकाची सही घ्यायची. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवायचा. आणि कुणी म्हणालं, "सकाळीच हवंय," तर हात जोडून नाही म्हणायचं. त्या दिवशी मी एवढं म्हटलं असतं तर वहिनींना दोन बैठका घरी बसावं लागलं नसतं.

तुमच्याकडे जॅकेट असेल तर आज संध्याकाळी पेटी उघडा, ते बाहेर काढा आणि रुंद हँगरला टांगा. सुरुवात एवढीच. बाकीचं उद्या-परवा.

पुढच्या वेळी नवा विषय घेऊन येते. तोवर नमस्कार.